अर्धा इंच जागा

डॉमनिकभाऊंचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका साखरपुड्याच्या पत्रिकेवर दादाजींचं नाव दादीजींच्या नावाच्या रेषेत आणत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. गिऱ्हाईक माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत होतं, "मॅडम, थोडा और ऊपर लीजिए ना." फोनवर डॉमनिकभाऊ एवढंच म्हणाले, "शुभाताई, फिलू गेली. सकाली चहा घेतला आन् खुर्चीतच..." मी फोन ठेवला आणि दादाजींचं नाव वर घेतलं. प्रूफ काढलं, त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली, गिऱ्हाइकाला सुट्टे परत दिले. माणूस गेल्याचं कळल्यावर हातातलं काम खाली ठेवायचं असतं, हे मला त्या वेळी सुचलंच नाही आणि त्याची अजून लाज वाटते. गिऱ्हाईक गेल्यावर शटर अर्धं ओढलं, झेरॉक्स मशिनच्या मागे स्टुलावर बसले आणि मग रडले.

त्याला आता पाच आठवडे झाले. फिलोमिना मिस मूळच्या उत्तनच्या. डॉमनिकभाऊ त्यांचे धाकटे भाऊ. भाऊ होडीवर गेले आणि बहीण गावच्या चर्चमध्ये ऑर्गनवर बसली. लग्न केलं नाही. पुढे शाळेत संगीत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मीरा रोडला पूनम सागरमध्ये दोन खोल्यांचं घर घेऊन पियानोचे क्लास सुरू केले. त्यातली एक खोली पियानोची आणि दुसरी उरलेल्या सगळ्याची. माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान त्यांच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे आमची ओळख पियानोवरून नाही, झेरॉक्सवरून झाली.

अकरा वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात नोटेशनचं एक पान होतं. पाच रेघा, त्यावर गोळे, गोळ्यांना काड्या आणि शेपट्या. "हे मोठं करून पाहिजे," म्हणाल्या. मी मोठं करून दिलं. त्यांनी पान लांब धरलं, जवळ धरलं आणि परत काउंटरवर ठेवलं. "हे मोठं झालं. मला मोकळं पाहिजे." मी म्हटलं, "मिस, मशिनला लहान आणि मोठं एवढीच बटणं आहेत, मोकळ्याचं बटण नाही." यावर दुसरं कुणी निघून गेलं असतं. या बाईंनी माझी कात्री मागून घेतली, काउंटरवरच बसकण मारली आणि ते पान तुकड्या-तुकड्यांनी कापून, मध्ये बोट-बोट जागा सोडत, एका पांढऱ्या कागदावर चिकटवायला घेतलं. पाऊण तास माझी गिऱ्हाइकं त्यांच्या कोपराला वळसा घालून उभी होती. सात वर्षांच्या एका मुलीसाठी चाललं होतं ते सगळं. "तिला गाणं येतंय," मिस म्हणाल्या, "पण पानावर इतकी गर्दी आहे की तिला आत शिरताच येत नाही." मी मनात म्हटलं, बाई चक्रम दिसते. आणि संध्याकाळी घरी जाताना लक्षात आलं की मी दिवसभर त्याच बाईचा विचार करतेय.

मग त्या दर आठवड्याला यायला लागल्या. प्रत्येक मुलासाठी पान वेगळं. कुणाला रेघा जाड लागत, कुणाला पानावर दोनच ओळी, कुणाला डाव्या हाताची ओळ फिक्या शाईत. मूल अडलं की मिस आधी पानाकडे बघायच्या, मुलाकडे नंतर. एकच गोष्ट मात्र त्यांनी कधी करू दिली नाही. गोळ्यांखाली सी, डी, ई अशी अक्षरं लिहायची नाहीत. खुशी नावाची एक मुलगी दुसऱ्या क्लासमधून आली होती. तिच्या पुस्तकात प्रत्येक गोळ्याच्या पोटातच अक्षर छापलेलं. पोरगी धडाधड वाजवायची. मिसनी तिच्यासमोर तेच गाणं बिनअक्षरांचं ठेवलं, तर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिची आई माझ्यासमोरच तणतणली होती, "मिस, पहले तो कितना अच्छा बजाती थी." मिस शांतपणे म्हणाल्या, "पहले वो टाइपिंग करती थी. इनसे पूछो, टाइपिंग क्या होती है." आणि बोट माझ्याकडे. मग तिची सवय मोडायला त्यांनी खुशीच्या पानावर स्वतः पेन्सिलीने अक्षरं लिहिली आणि दर आठवड्याला थोडी थोडी खोडली. जिथे तिचं बोट कधी चुकत नाही, ती अक्षरं आधी. पाच महिने गेले. शेवटचं अक्षर गेलं ते खुशीला कळलंही नाही.

मी स्वतः पियानो शिकायला लागले ते शेहेचाळिसाव्या वर्षी, घरच्यांची थट्टा पत्करून. माझं माहेर भाईंदरजवळच्या मुर्ध्याचं. बाबा मिठागरावरून आले की पेटी काढून बसत. त्यांच्या भजनाच्या वह्यांत सगळं सा रे ग म मध्ये लिहिलेलं, वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब, खालच्याला पायाशी. माझा डोळा त्या अक्षरांवर वाढलेला. त्यामुळे मिसनी दिलेल्या पानावर मी घरी गुपचूप सगळ्या गोळ्यांखाली सारेगम लिहून टाकलं, सराव केला आणि क्लासला जाताना ते पान घरी ठेवून कोरं पान नेलं. दुसऱ्याच ओळीत पितळ उघडं पडलं. मिस रागावल्या नाहीत. त्यांनी मला घरचं पानही आणायला लावलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "वाजवू नकोस. नुसतं बघून सांग, चाल कुठे चढते?" बिनअक्षरांच्या पानावर ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं, गोळे जिना चढल्यासारखे वर गेले होते. सारेगमच्या ओळीवर मला एकेक अक्षर वाचत, मनात म्हणत जावं लागलं. मला ते झोंबलं. मी म्हटलं, "माझे बाबा याच्यावर आयुष्यभर वाजवत होते." मिस लगेच म्हणाल्या, "मग तुझ्या बाबांना आधी चाल पाठ होती, अक्षरं नुसती आठवणीला. आणि ते सा कुठेही धरू शकत होते, मी नाही धरू शकत. माझं पान मला दुसरीकडे जाऊच देत नाही." आपल्या पद्धतीचं उणं असं चटकन कबूल करणारी मास्तरीण मी दुसरी पाहिली नाही. बाबांचा मान राखला गेला आणि मी रेघा वाचायला शिकले. फार बरं वाजवते असं नाही. एक खोड शेवटपर्यंत राहिली... लांब स्वर आला की मला धीर निघत नाही, मी पुढच्या स्वरावर उडी मारते. दुकानातही मी अशीच आहे, गिऱ्हाइकाचं वाक्य मीच पुरं करते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं की मिस पानासमोर मान वळवून बसतात. मी थट्टेने म्हटलं, "पानावर रुसलात का?" त्या हसल्या नाहीत. "मधलं गेलं, शुभा," म्हणाल्या. "डॉक्टर सांगतात डोळ्याचा मधला भाग सुकतोय. कडा शिल्लक आहेत. तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही." मी म्हटलं, "तोंडात बघण्यासारखं काही नाहीच." तेव्हा हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

शिकवणं चालू राहिलं. पोरं कुठे चुकणार ते त्यांना कानानेच आधी कळायचं. पण स्वतः वाजवणं थांबलं. एवढी मोठी वाजवणारी बाई, तिला पानाशिवाय काही येऊ नये याचं मला नवल वाटलं. त्यांनी सांगितलं की लहानपणी गावच्या चर्चच्या मास्तरांकडे शिकताना पानावरून नजर हलली की बोटांवर फूटपट्टी बसायची. त्या शिस्तीने त्यांना कुठलंही पान समोर ठेवताक्षणी वाजवता यायचं आणि पान उचललं की हात जागच्या जागी थांबायचे. "गाणं माझ्या बोटांत नाही, डोळ्यांत आहे," म्हणाल्या. "डोळे गेले की मी गेले." इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या की मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं.

आणि गेल्या वर्षी डॉमनिकभाऊ सुके बोंबील आणि एक विनंती घेऊन आले. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती, त्यासाठी उत्तनच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे खास प्रार्थना होती. लग्नात चर्चच्या त्याच मास्तरांनी मुद्दाम त्यांच्यासाठी बांधलेली चाल मिसनी वाजवली होती. ती कुठे छापलेली नाही, मास्तरांच्या हातचा एकच कागद, चार ओळींचा. "फिलू, तूच वाजवायचं. दुसऱ्या कोनाचं आमाला न्हाय पायजे," भाऊ म्हणाले. डोळ्यांचं त्यांना अर्धंमुर्धंच माहीत होतं. मिस हो म्हणाल्या. भाऊ जिना उतरले तशा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी हो कशी म्हणाले गं?" हातात आठ महिने होते. मी छातीठोकपणे सांगितलं, "पानाचं माझ्यावर सोडा."

पहिल्यांदा मी मास्तरांचा कागद झेरॉक्सवर वाढवला. शाईचे डाग गोळ्यांएवढे झाले, मिसना गोळा कुठला आणि डाग कुठला कळेना. मग मी कॉम्प्युटरवर बसले. महिनाभर दुकान सांभाळून सगळी चाल नव्याने मांडली. रेघा जाड, गोळे ठसठशीत, प्रत्येक दोन गोळ्यांमध्ये अगदी सारखं अंतर, ओळी दोन्ही बाजूंनी काटेकोर. माझ्या हातून इतकं देखणं काम कधी झालं नव्हतं. मिस मान तिरकी करून वाजवू लागल्या आणि तिसऱ्याच गोळ्याला अडखळल्या. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. मला राग आला. मी म्हटलं, "याच्यापेक्षा स्वच्छ काय करणार आता?" त्या म्हणाल्या, "शुभा, तू लग्नपत्रिका केलीस."

मी दोन शनिवार क्लासला गेले नाही. तिसऱ्या शनिवारी त्यांनीच फोन करून बोलावलं आणि मास्तरांचा कागद माझ्या हातात दिला. "तू नीट बघ. मला दिसत नाही, पण मला माहीत आहे." मी पहिल्यांदा नीट बघितलं. मास्तरांनी गोळे सारख्या अंतरावर काढलेच नव्हते. लांब स्वरानंतर भरपूर कोरी जागा, छोटे स्वर दाटीवाटीने. जेवढा वेळ थांबायचं तेवढी जागा. गोळा पोकळ आहे की भरीव, त्याला शेपटी आहे की नाही, हे ओळखायला डोळ्याचा मधला भाग लागतो, आणि तोच त्यांच्याकडे नव्हता. किती थांबायचं हे त्यांना सांगणारी एकच गोष्ट उरली होती, ती कोरी जागा. आणि ती मी सफाई करताना पुसून टाकली होती. तीस वर्षं मी लोकांची अक्षरं सारख्या अंतरावर बसवत आले, त्याचा मला पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कसली मागतेस? आता मोजपट्टी घे."

तेवढ्या जागा सोडायच्या म्हणजे कागद पुरेना. शेवटी मी भाईंदरला फ्लेक्स छापणाऱ्याकडे गेले. तिथे पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बॅनर वाळत होते, त्यात माझे गोळे आणि रेघा. छापणारा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "दीदी, ये कौन सी पार्टी का है?" सहा फूट रुंद, चार फूट उंच, चकाकी नसलेला फ्लेक्स. पियानोमागच्या भिंतीवर दोन खिळे ठोकून टांगला. मिस स्टुलावरून डावीकडून उजवीकडे सरकत, मान वळवून, कडेच्या नजरेने वाचत गेल्या. पहिली ओळ पार झाली. मग दुरुस्त्या सुरू झाल्या. इथे बोटभर वाढव, तिथे कमी कर. फ्लेक्स तीनदा छापला, मधल्या दुरुस्त्या वरून कागद चिकटवून. मी कुरकुरत होते, पण दर शनिवारी जात होते. प्रत्येक वेळी त्या आधी स्वतः वाजवायच्या आणि मग म्हणायच्या, "आता तू."

उत्तनच्या चर्चमध्ये ऑर्गनमागे फ्लेक्सचं एक टोक मी धरलं, दुसरं डॉमनिकभाऊंच्या मुलाने. लोक कुजबुजले, एक-दोघं हसलेही. मी फ्लेक्सच्या मागे उभी, मला समोर फक्त त्याची पांढरी पाठ दिसत होती. मिसनी सुरुवात केली आणि मी मनात गोळे मोजायला लागले. फ्लेक्स हलला तर त्यांची ओळ चुकेल या भीतीने मी खांदे दुखेपर्यंत ताठ उभी राहिले. त्या कुठेच अडखळल्या नाहीत. चारही ओळी, एकही स्वर न गाळता. डॉमनिकभाऊंची बायको पदराने डोळे पुसत होती असं नंतर कळलं. परत येताना रिक्षात मिस माझा हात धरून बसल्या होत्या. मीरा रोड येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

त्यानंतर मला वाटलं, झालं, सुटले. पण पुढच्या शनिवारी त्यांनी मला वाजवायला बसवलं आणि संपल्यावर म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या गोळ्यानंतर अर्धा इंच वाढव." मी म्हटलं, "मिस, मिस्सा झाली की." "झाली," त्या म्हणाल्या, "तरी वाढव." पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही. लग्नसराई तोंडावर होती, मला मान वर करायला फुरसत नव्हती. मी म्हटलं, "सीझन संपू दे, मग करते." मग शनिवारही चुकायला लागले. शेवटचं भेटले तेव्हा दारातच त्यांनी विचारलं, "केलंस?" मी म्हटलं, "अहो, करते की." तेच माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं.

गेल्या रविवारी डॉमनिकभाऊंनी घर आवरायला बोलावलं. आम्ही दोघांनी कपाटातली मुलांची पानं नावांप्रमाणे लावली. खुशीचं पान निघालं, त्यावर खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणा अजून दिसतात. भिंतीवरचा फ्लेक्स काढायला मी स्टुलावर चढले तशी भाऊ म्हणाले, "ऱ्हावू दे तो. तसंबी ह्याच्याकडं तिनं बघितलंच न्हाय."

मला कळेना. मी म्हटलं, "कोणी बघितलं नाही?"

"फिलूनं. मी बाजूच्या बाकावर बसलो व्हतो ना, चेहरा दिसत व्हता. पहिल्यापासून शेवटपर्यंत डोले मिटून वाजवीत व्हती. तुमाला ठाव न्हाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी फ्लेक्सच्या मागे होते. खाली उतरून स्टुलावरच बसले. आधी राग आला, खांदे मोडेपर्यंत मला उभं केलं म्हणून. मग हसू आलं. गाणं बोटांत नाही म्हणणाऱ्या बाईच्या बोटांत ते त्या आठ महिन्यांत कधीतरी उतरलं होतं आणि तिने ते मला सांगितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी भाऊंसमोर मोठ्याने रडले. डोळे गेले, आणि तरी त्या गेल्या नव्हत्या. नंतर, बस धरून घरी येताना, त्या अर्ध्या इंचाची आठवण झाली. त्यांना पान लागत नव्हतं तर दुरुस्ती कशाला हवी होती? मला वाटलं, मी येत राहावं म्हणून. एकटी बाई, काहीतरी निमित्त काढत असेल आणि मी सीझनचं सांगत राहिले. ते दोन दिवस मी स्वतःला माफ करू शकले नाही.

मंगळवारी दुकान उघडलं आणि दुसरं काही हातात घ्यायच्या आधी ती फाइल काढली. तिसऱ्या ओळीत दुसऱ्या गोळ्यानंतर अर्धा इंच वाढवलं. तेवढी एक ओळ लांब कागदावर छापली. पियानो महिनाअखेरपर्यंत तिथेच आहे, किल्ली माझ्याकडे आहे. दुपारी जाऊन कागद फ्लेक्सवर तिसऱ्या ओळीच्या जागी चिकटवला आणि वाजवायला बसले. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीत दुसऱ्या गोळ्यावर आले. लांब स्वर होता, जिथून मी नेहमी उडी मारते तोच. डोळा पुढच्या गोळ्याकडे निघाला आणि त्याला पोचायला जरा वेळ लागला, आणि तेवढा वेळ माझं बोट खाली राहिलं. स्वर पुरा झाला. मी पहिल्यांदाच तिथे घाई केली नाही.